एबी फॉर्म मतदारांच्या हातात : अमेरिकेतली ‘प्रायमरी’ म्हणजे नेमकं काय?

२०२५च्या जूनमध्ये एका सकाळी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फुलांचे गुच्छ पडायला लागले. न्यूयॉर्कमध्ये भारतीय वंशाचा तरुण महापौर झाला, असं कुणीतरी टाकलं होतं आणि खाली हात जोडलेल्यांची रांग लागली होती. नोव्हेंबरात त्याच माणसाची तीच बातमी पुन्हा आली. तेव्हा आमच्या नानांचा, म्हणजे काकांचा फोन आला.

“अरे, हा ममदानी जूनमध्येच निवडून आला होता ना? मग परत कशाला उभा राहिला?”

“नाना, जूनमध्ये त्याला तिकीट मिळालं होतं.”

“तिकीट? मग लाखो लोकांनी मतदान केलं ते कशाचं?”

“तिकिटाचंच.”

पलीकडे शांतता. मग म्हणाले, “तू रविवारी घरी ये आणि नीट सांग.”

नानांची मुलगी, माझी चुलतबहीण, मिशिगन राज्यात डेट्रॉइटजवळ राहते आणि तिथे मत देते. त्यामुळे हा प्रश्न त्यांना नुसता बातमीपुरता नव्हता. रविवारी जे सांगितलं ते, आणि त्यांच्या उलटतपासणीत जे सांगावं लागलं तेही, इथे लिहून ठेवतो.

तिकीट कोण देतं?

‘प्रायमरी’ म्हटलं की आपल्याला आधी प्राथमिक शाळा आठवते. ती बाजूला ठेवू आणि आपल्याकडच्या निवडणुकीचा एक ओळखीचा दिवस डोळ्यांसमोर आणू : अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस.

त्याआधी पक्षकार्यालयात इच्छुकांच्या मुलाखती झालेल्या असतात. मुलाखतीला जीप भरभरून कार्यकर्ते नेलेले असतात. निर्णय मात्र मुंबईत नाहीतर दिल्लीत होतो. शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत ज्याच्या हाती एबी फॉर्म पडतो तो अधिकृत उमेदवार. हे खरं तर दोन कागद. ‘ए’मध्ये पक्ष निवडणूक अधिकाऱ्याला कळवतो, की उमेदवार ठरवण्याचा अधिकार आमच्या अमुक पदाधिकाऱ्याला दिला आहे. ‘बी’मध्ये तो पदाधिकारी लिहून देतो, की आमचा उमेदवार हा, चिन्ह याला द्या. ज्याला हा कागद मिळत नाही तो घरी जातो, दुसऱ्या पक्षात जातो किंवा बंडखोरी करतो.

आता कल्पना करा, की त्या ‘बी’ फॉर्मवर सही करण्याचा अधिकार पदाधिकाऱ्याकडून काढून मतदारसंघातल्या लोकांना दिला. एका पक्षाचे पाच-सात इच्छुक आहेत ना, मग त्यांची आपसातच निवडणूक घ्या. जास्त मतं मिळतील त्याला तिकीट. ही निवडणूक म्हणजे प्रायमरी. मग खऱ्या निवडणुकीत, नोव्हेंबरात, या पक्षाचा विजेता विरुद्ध त्या पक्षाचा विजेता. राष्ट्राध्यक्षाच्या प्रायमरीचा गाजावाजा आपल्यापर्यंत पोचतो, पण ही पद्धत राज्यातल्या साध्या आमदारकीलाही लागू आहे. माझ्या मते समजून घ्यायची तर तिथूनच घ्यावी. राष्ट्राध्यक्षाच्या प्रकरणात प्रतिनिधी, अधिवेशन अशी आणखी गुंतागुंत असते, आमदारकीत ती नसते.

बेळगावचा माणूस, डेट्रॉइटची जागा

उदाहरण घ्यायचं तर आपल्या ओळखीच्या माणसाचंच घेऊ. श्री ठाणेदार. चिकोडीत जन्म, बेळगावात बालपण, मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र, १९७९मध्ये अमेरिका, तिथे पीएचडी आणि पुढे रसायनांच्या तपासणीचा मोठा व्यवसाय. त्यांचं मराठी आत्मचरित्र आपल्याकडे अनेक घरांत आहे.

२०१८मध्ये त्यांनी एकदम वरच्या पायरीवर उडी मारली. मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी (म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्यासारखं, पण थेट लोकांनी निवडायचं पद) डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत ते उतरले. खिशातले एक कोटी डॉलरहून जास्त घातले आणि तिघांत तिसरे आले. जिंकल्या त्या ग्रेचन व्हिटमर, त्याच पुढे गव्हर्नर झाल्या. दोन वर्षांनी ठाणेदारांनी छोटी जागा निवडली : मिशिगनच्या प्रतिनिधिगृहातला तिसरा मतदारसंघ, डेट्रॉइट शहरातला.

छोटी म्हणजे किती? मिशिगनची लोकसंख्या सुमारे एक कोटी आणि या सभागृहात आमदार ११०. म्हणजे एका आमदारामागे नव्वद हजारांच्या आसपास माणसं. आपल्याकडे २८८ आमदार आणि २०११च्या जनगणनेनुसार सव्वाअकरा कोटींच्या जवळ लोक, म्हणजे एका आमदारामागे जवळपास चार लाख. तिथला आमदारकीचा मतदारसंघ हा पुण्यातल्या चार नगरसेवकांच्या एका प्रभागाएवढा. मुदतही दोनच वर्षं.

जागा मोकळी होती. मिशिगनमध्ये तेव्हा कुणालाही या सभागृहात तीनपेक्षा जास्त वेळा बसता येत नसे आणि आधीच्या आमदारांच्या तीन मुदती संपल्या होत्या. (२०२२मध्ये नियम बदलला. आता दोन्ही सभागृहांत मिळून बारा वर्षं.) मोकळी जागा दिसली की इच्छुक गोळा होतात, हे तिथेही आपल्यासारखंच. डेमोक्रॅटिक प्रायमरीत ठाणेदारांसह सात जण उतरले. ४ ऑगस्ट २०२०ला मतदान झालं. ठाणेदारांना सुमारे ३५ टक्के मतं पडली आणि तिकीट त्यांचं झालं. नोव्हेंबरात त्यांना नव्वद टक्क्यांहून जास्त मतं मिळाली.

या दोन आकड्यांवर जरा थांबू. ऑगस्टमध्ये ३५, नोव्हेंबरात ९०च्या पुढे. माणूस तोच, मतदारसंघ तोच. मग लढाई नेमकी कधी झाली? ऑगस्टमध्ये. डेट्रॉइट हे डेमोक्रॅटिक पक्षाचं इतकं भक्कम शहर आहे, की त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत जो बायडन यांना तिथे ९४ टक्के मतं पडली. अशा ठिकाणी त्या पक्षाचं तिकीट मिळालं, की पुढचं मतदान म्हणजे साखरपुडा, याद्या, बैठक सगळं उरकल्यावरचा मंगलाष्टकांचा गजर. अमेरिकेतल्या असंख्य जागांचं हेच आहे. काही डेमोक्रॅटांच्या बालेकिल्ल्यात, काही रिपब्लिकनांच्या.

मतपत्रिका उलगडून बघू

सगळ्यात आधी, प्रायमरीत नाव लागतं कसं? मिशिगनमध्ये या जागेसाठी दोन वाटा आहेत. मतदारसंघातल्या किमान २०० मतदारांच्या सह्या आणा, नाहीतर १०० डॉलर भरा. पक्षाध्यक्षाची चिठ्ठी लागत नाही.

मोठ्या पदांना मात्र सह्याच लागतात आणि त्यातच भलेभले अडकतात. २०२२मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या रिपब्लिकन प्रायमरीतून पाच इच्छुक एकदम बाद झाले. त्यात डेट्रॉइटचे माजी पोलीसप्रमुख जेम्स क्रेगही होते. पंधरा हजार वैध सह्या हव्या होत्या. सह्या गोळा करायला पैसे देऊन माणसं लावली होती आणि त्यांतल्या काहींनी घरी बसूनच एका हाताने पानंच्या पानं भरली होती. माजी पोलीसप्रमुखालाच खोट्या सह्यांचा फटका, हे नानांना फार आवडलं.

आता मतपत्रिका. बहीण नागरिक झाल्यावर २०२२मध्ये तिने पहिल्यांदा प्रायमरीत मत दिलं. तिथे मतपत्रिका टपालाने घरी मागवता येते. तिने तिचा फोटो पाठवला नाही (नियमांची धास्ती), पण फोनवर वर्णन केलं. लांबलचक जाड कागद. स्पर्धा परीक्षेची ओएमआर शीट असते तशी प्रत्येक नावापुढे लंबगोल, काळ्या किंवा निळ्या शाईने भरायचा. वरच्या भागात दोन उभे रकाने : एका बाजूला डेमोक्रॅटिक पक्षाचे इच्छुक, दुसऱ्या बाजूला रिपब्लिकन. आणि सूचना अशी, की दोन्हींपैकी एकाच रकान्यात मत द्या.

बाईसाहेबांनी स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून गव्हर्नरसाठी इकडचा गोळा भरला आणि आमदारकीसाठी तिकडचा. “दादा, मला वाटलं जो बरा वाटेल तो निवडायचा,” ती म्हणाली. नोव्हेंबरात हे चालतं. प्रायमरीत नाही, कारण तुम्ही एका पक्षाचं तिकीटवाटप करायला बसलेले असता, एकाच वेळी दोन्ही पक्षांचं नाही. मतदान केंद्रावर असती तर मतपत्रिका आत घालताना यंत्रानेच टोकलं असतं आणि नवी मिळाली असती. पण टपालाने गेलेल्या पाकिटात अशी चूक निघाली, तर पक्षांच्या भागातली सगळी मतं बाद होतात. नशिबाने पाकीट चिकटवण्याआधी नवऱ्याने बघितलं. ती निवडणूक कार्यालयात गेली, जुनी मतपत्रिका रद्द करून नवी घेऊन आली.

मिशिगनमध्ये कुठला रकाना भरायचा हे मतदार तिथल्या तिथे ठरवतो आणि ते गुप्त राहतं. याला ‘खुली’ प्रायमरी म्हणतात. न्यूयॉर्कमध्ये ती ‘बंद’ असते. मतदार यादीत नाव घालतानाच तुम्ही कुठल्या पक्षाकडचे ते नोंदवायचं, आणि त्याच पक्षाच्या प्रायमरीत मत द्यायचं. पक्ष बदलायची मुदत बरीच आधी संपते. २०१६मध्ये डॉनल्ड ट्रम्प यांच्या दोन मुलांना, इव्हांका आणि एरिक यांना, न्यूयॉर्कच्या प्रायमरीत सख्ख्या बापाला मत देता आलं नव्हतं, कारण त्यांनी वेळेत रिपब्लिकन म्हणून नोंद केली नव्हती.

कॅलिफोर्नियाने तिसराच मार्ग काढला आहे : सगळ्या पक्षांचे सगळे एकाच यादीत, पहिले दोघे नोव्हेंबरात. मग कधी अंतिम लढतही एकाच पक्षाच्या दोघांत होते.

पक्षाचं काम सरकार का करतं?

नानांचा पहिला नेमका प्रश्न हा होता. पक्ष म्हणजे एक मंडळच. गणेश मंडळाने अध्यक्ष कोण करायचा हे महापालिका मतपेट्या लावून ठरवेल का?

एकेकाळी अमेरिकेतही ठरवत नव्हती. एकोणिसाव्या शतकात उमेदवार पक्षाच्या अधिवेशनांत ठरत, आणि अधिवेशनाला कोण येणार हे स्थानिक पुढारी ठरवत. बंद खोली, सिगारचा धूर आणि आतून बाहेर येणारं एक नाव. विस्कॉन्सिन राज्यात रॉबर्ट ला फॉलेट हे याच पद्धतीत वारंवार तिकिटाला मुकलेले पुढारी. गव्हर्नर झाल्यावर त्यांनी हा विषय धरून ठेवला. १९०४मध्ये तिथल्या मतदारांनी सार्वमतात थेट प्रायमरीच्या कायद्याला मंजुरी दिली आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत बहुतेक राज्यांनी तोच रस्ता धरला.

तरी ‘पक्ष म्हणजे खासगी मंडळ’ हा युक्तिवाद संपला नव्हता. दक्षिणेतल्या राज्यांनी त्याचा भयंकर वापर केला. टेक्सासमध्ये तेव्हा डेमोक्रॅटिक पक्षाशिवाय कुणी जिंकतच नसे, म्हणजे त्याची प्रायमरी हीच खरी निवडणूक. पक्षाने नियम केला, की आमच्या प्रायमरीत फक्त गोरे मत देतील. कृष्णवर्णीयांना नोव्हेंबरात मत द्यायला कायद्याने आडकाठी नव्हती, पण तोवर सगळं ठरून गेलेलं असे. हे १९४४पर्यंत चाललं. त्या वर्षी स्मिथ विरुद्ध ऑलराइट या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की प्रायमरी हा निवडणुकीचाच भाग आहे आणि तिथून कुणाला वंशावरून हाकलता येणार नाही.

मंडळाचा अध्यक्ष आपोआप गावचा आमदार होणार असेल, तर ती निवड मंडळाची खासगी बाब कशी राहील? हे ऐकल्यावर नाना जरा सैलावले.

किती माणसं ठरवतात?

इथे या पद्धतीचं दुखरं ठिकाण आहे. ऑगस्टच्या एका मंगळवारी, सुट्टी नसताना, लोक सहलीला गेलेले असताना, आमदारकीच्या तिकिटासाठी मत द्यायला येतं कोण?

४ ऑगस्ट २०२०ला मिशिगनमध्ये जवळपास २५ लाख लोकांनी मत दिलं. ऑगस्टच्या प्रायमरीसाठी हा तिथला विक्रम होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात आकडा ५५ लाखांच्या वर गेला. विक्रमी प्रायमरीतही नोव्हेंबरच्या निम्मी माणसं नव्हती. त्यातली रिपब्लिकन रकाना भरणारी वजा करा, डेट्रॉइटमधला एकच मतदारसंघ घ्या, त्याची सात जणांत वाटणी करा. नव्वद हजार वस्तीचा आमदार काही हजार मतांवर ठरून गेलेला असतो.

न्यूयॉर्कच्या ममदानींची सुरुवात अशाच एका छोट्या जागेतून झाली. २०२०च्या जूनमध्ये क्वीन्स भागातल्या ॲस्टोरियात, राज्य विधानसभेच्या छत्तिसाव्या मतदारसंघात, त्यांनी २०११पासून आमदार असलेल्या अरावेला सिमोटास यांना प्रायमरीत आव्हान दिलं. एकाच पक्षाचे दोघे. करोनामुळे टपालाची मतं ढिगाने आली आणि निकाल स्पष्ट व्हायला जवळपास महिना गेला. फरक ४२३ मतांचा निघाला. पुण्यातल्या दोन-तीन मोठ्या सोसायट्यांनी एकत्र मतदान केलं तर इतकी मतं होतात.

इतक्या कमी मतांत खेळ असला, की प्रचाराची तऱ्हाच बदलते. मोठ्या सभा, रोड शो यांना अर्थ राहत नाही. महत्त्व येतं दार वाजवण्याला. आणि कुठलं दार वाजवायचं, हे स्वयंसेवकाच्या मोबाइलमधली यादी सांगते. तुम्ही मत कुणाला दिलं हे अमेरिकेतही गुप्त असतं. पण मतदानाला गेलात की नाही, याची नोंद उमेदवारांना मिळू शकते. गेल्या तीन-चार प्रायमरींना जी माणसं हटकून गेली तीच यादीत वर येतात. स्वयंसेवक तुमच्या घराची बेल वाजवतो, शेजारचं दार सोडतो आणि पुढच्या घरी जातो, कारण शेजारी कधी प्रायमरीला गेलेलाच नाही. जो जात नाही त्याला विचारायला कुणी येत नाही, आणि विचारायला कुणी येत नाही म्हणून तो जात नाही.

“पण विरोधी पक्षाचे लोक घुसतील की!”

खुल्या प्रायमरीबद्दल हा आक्षेप पहिल्यांदा सुचतो. विरोधकांनी ठरवून यायचं, समोरच्या पक्षाचा सगळ्यात कच्चा गडी निवडून द्यायचा आणि नोव्हेंबरात त्याला पाडायचं. आपल्या लोकांना ही आयडिया शिकवावी लागत नाही.

मतदार ओलांडून जातात हे खरं. २०००मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठीच्या मिशिगनमधल्या रिपब्लिकन प्रायमरीत जॉन मॅकेन यांनी जॉर्ज बुश यांना हरवलं, त्यात डेमोक्रॅट आणि अपक्ष विचारांच्या मतदारांचा मोठा वाटा होता. पण त्यांतल्या बहुतेकांना मॅकेन खरोखरच आवडत होते. निव्वळ खोडी काढायला जाणं महाग पडतं. दुसऱ्यांच्या रकान्यात गेलात, की त्या दिवशी आपल्या पक्षाच्या एकाही तिकिटावर तुमचा शब्द चालत नाही, अगदी तालुकापातळीच्या पदांवरही.

मला खरी धास्ती वाटते ती वेगळ्या गोष्टीची : मतदाराला उमेदवार माहीतच नसण्याची. १९८६मध्ये इलिनॉय राज्यात लिंडन लारूश नावाच्या अत्यंत टोकाच्या पुढाऱ्याचे दोन अनुयायी डेमोक्रॅटिक प्रायमरीत जिंकून गेले, उपगव्हर्नर आणि सेक्रेटरी ऑफ स्टेट (राज्याचं दप्तर सांभाळणारा अधिकारी) या पदांसाठी. पक्षाने त्यांना गांभीर्याने घेतलंच नव्हतं. त्यांची नावं साधी, कानाला ओळखीची, तर पक्षाच्या पसंतीच्या उमेदवारांची आडनावं जड, म्हणून अनोळखी मतदारांनी सोपं नाव निवडलं, असं तेव्हा बऱ्याच जणांनी म्हटलं. गव्हर्नरपदाचे उमेदवार ॲडलाय स्टीव्हन्सन यांनी त्यांच्याबरोबर एका मतपत्रिकेवर राहायला नकार दिला. स्वतःच्याच पक्षाचं तिकीट सोडून ते वेगळा पक्ष काढून लढले आणि हरले. पक्षाला त्या दोघांना हटवता आलं नाही. तिकीट लोकांनी दिलेलं.

“मतं फुटली तर नको तो निवडून येईल”

येतो. सात जणांत ३५ टक्के म्हणजे ६५ टक्क्यांनी दुसऱ्या कुणाला तरी मत दिलं होतं. २०२२मध्ये ठाणेदार अमेरिकी संसदेच्या जागेसाठी उतरले तेव्हा प्रायमरीत नऊ जण होते आणि ते सुमारे २८ टक्क्यांवर जिंकले. कृष्णवर्णीयांची बहुसंख्या असलेल्या डेट्रॉइटमधून १९५५पासून संसदेत सतत कुणी ना कुणी कृष्णवर्णीय प्रतिनिधी होता. ती साखळी यामुळे तुटली. अनेक कृष्णवर्णीय इच्छुकांनी आपसात मतं खाल्ली, अशी हळहळ तिथल्या पुढाऱ्यांनी बोलून दाखवली. दुसरी बाजूही आहे : त्या नऊ जणांत सगळ्यांत जास्त मतं त्यांनाच पडली, नियम सगळ्यांना सारखा होता, आणि २०२४मध्ये ते पुन्हा प्रायमरी जिंकले.

यावर राज्यांनी वेगवेगळे उतारे शोधलेत. दक्षिणेतली बरीच राज्यं, उदाहरणार्थ टेक्सास आणि जॉर्जिया, निम्म्याहून जास्त मतं कुणालाच नसतील तर पहिल्या दोघांत फेरमतदान घेतात. न्यूयॉर्क शहराने पालिकेच्या पदांसाठी पसंतीक्रम आणला आहे. आपल्याकडे विधान परिषदेला १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहितात त्याच जातीचा प्रकार. पण त्याच शहरातल्या आमदारकीच्या प्रायमरीला तो लागू नाही, तिथे साधा नियम : ज्याला जास्त त्याचं तिकीट.

“हरलेला बंडखोरी करत नाही?”

हा प्रश्न विचारताना नाना पुढे सरकून बसले होते.

बऱ्याच राज्यांनी त्याची सोय करून ठेवली आहे. प्रायमरीत हरलात, तर त्याच जागेसाठी त्याच वर्षी दुसऱ्या पक्षातून किंवा अपक्ष म्हणून मतपत्रिकेवर नाव लागणार नाही. अशा कायद्यांना तिकडे गमतीने ‘रडक्या पराभूतांचे कायदे’ म्हणतात. मिशिगनमध्ये तो आहे. न्यूयॉर्कमध्ये पळवाट आहे : तिथले माजी गव्हर्नर अँड्र्यू क्युओमो जूनमध्ये ममदानींकडून हरले, तरी नोव्हेंबरात वेगळ्या पक्षाच्या नावाखाली उभे राहिले आणि पुन्हा हरले.

आणखी एक फट आहे. मतपत्रिकेवर छापलेल्या नावांखाली एक कोरी ओळ असते. तिथे मतदार स्वतःच्या हाताने कुणाचंही नाव लिहू शकतो. २०२१मध्ये बफेलो शहरात महापौर बायरन ब्राउन प्रायमरीत हरले आणि नोव्हेंबरात या कोऱ्या ओळीवर जिंकून परत आले. बंडखोर कुठेही वाट काढतोच.

पैसा

‘तिकीट विकलं जातं’ ही आपली जुनी तक्रार. प्रायमरी आली की ती संपेल, असं कुणाला वाटत असेल तर पुन्हा डेट्रॉइटला जाऊ. २०२०मध्ये त्या एका आमदारकीसाठी ठाणेदारांनी स्वतःचे सुमारे ४ लाख ३८ हजार डॉलर घातले. मिशिगनच्या आमदाराचा पगार वर्षाला ७१,६८५ डॉलर. दोन वर्षांची पूर्ण मुदत धरली तरी खर्चाच्या एक-तृतीयांशच वसूल. यात बेकायदा काही नाही. स्वतःचा पैसा स्वतःच्या प्रचारावर किती घालावा याला मर्यादा लावता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७६मध्येच सांगितलं आहे, आणि हे सगळे आकडे जाहीर असतात. फक्त पूर्वी जे दोन-चार पुढाऱ्यांना पटवून भागायचं, तिथे आता हजारो घरांत पत्रकं पोचवावी लागतात, आणि टपालाची तिकिटं फुकट मिळत नाहीत. जिथे उमेदवार फारसे कुणाला माहीत नसतात तिथे वारंवार दिसणारं नाव डोक्यात बसतं. एवढ्यापुरता मी या पद्धतीबद्दल साशंकच आहे.

आपल्याकडे?

करून बघितलंय. २०१४च्या लोकसभेआधी राहुल गांधींच्या पुढाकाराने काँग्रेसने देशभरातल्या पंधरा-सोळा मतदारसंघांत प्रायमरी घेतली, त्यात आपले वर्धा आणि लातूर होते. पण तिथे मतदार होते पक्षाचेच पदाधिकारी आणि कार्यकर्ते. सामान्य मतदाराला बोलावणंच नव्हतं. दोन्ही जागा पुढे भाजपने जिंकल्या. त्या वेळची लाट बघता तो दोष प्रायमरीला देता येणार नाही, पण प्रयोग पुढे कुणी उत्साहाने चालवला नाही.

अडचण पुढाऱ्यांच्या इच्छेची आहेच, शिवाय कायद्याचीही आहे. आपल्याकडे १९८५पासून पक्षांतरबंदी आहे. पक्षाचा व्हिप मोडला तर आमदारकी जाऊ शकते. म्हणजे लोकांनी तिकीट दिलेला आमदारही सभागृहात शेवटी पक्षश्रेष्ठींचंच ऐकणार. अमेरिकेतला आमदार पक्षाविरुद्ध मत देऊन खुर्चीत राहतो. त्याला भीती असते ती पुढच्या प्रायमरीची.

नानांना ही सगळी चर्चा पटत चालली होती. आमच्या प्रभागात एकाच पक्षाचे पाच इच्छुक आहेत आणि पाचही जणांचे फलक एकाच चौकात आहेत. “घ्या की मग मतदान,” ते म्हणाले. मग मी न्यूयॉर्कची गोष्ट पुन्हा सांगितली : मतदार यादीत नावापुढे पक्ष लिहायचा, आणि ती यादी उमेदवारांच्या कार्यकर्त्यांकडेही जाणार.

“म्हणजे गल्लीतल्या सगळ्यांना कळणार मी कुणाचा?”

“हो.”

“छे, छे.”

नानांच्या गॅलरीला चाळीस वर्षांत एकाही पक्षाचा झेंडा लागलेला नाही. आणि दारात येणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याला, चहा देऊन, त्यांनी एकच सांगितलंय : “आमचं मत तुम्हालाच!”